दाढ बरोबर, जबडा तोकडा

ताई, सादर नमस्कार. मी पुसद तालुक्यातला. वय 22, पोलीस भरतीची तयारी करतो. उजवीकडची खालची सगळ्यात मागची दाढ वर्षभरात तिसऱ्यांदा सुजली. दरवेळी मेडिकलमधून गोळ्या आणतो, चार दिवसांत उतरते. यावेळी पंधरा दिवस झाले, तोंड नीट उघडत नाही, भाकर चुरून खावी लागते. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. म्हणाले, अक्कलदाढ आडवी आहे, काढून टाकू. घरी आजी ऐकत नाही. म्हणते, ‘पोट्ट्याले अक्कल येऊन रायली, येऊ दे. दाढ काढली का डोये जातेत.’ आजोबा 78 वर्षांचे आहेत. त्यांच्या चारही अक्कलदाढा शाबूत आहेत, अजून ऊस दातानं सोलतात. दहावीच्या पुस्तकात वाचलं होतं की अक्कलदाढ म्हणजे अवशेषांग, काही कामाची नाही. कामाची नाही तर येते कशाला? आजोबांना त्रास नाही, मग मलाच का? आणि काढू की नको? (खर्रा बंद केल्यातच जमा आहे, दिवसाला दोनच.)
— एक वाचक

तुला ‘तू’ म्हणते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तू कंसात टाकली आहेस. तिच्याकडे शेवटी येते, तोवर तू वाचणं सोडू नको.

आधी दुखण्याचं बघू. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाल आणि प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना त्या बाजूला घोळवून चूळ भर. मऊ ब्रशनं अगदी मागपर्यंत घास, दुखलं तरी घास. तुझी दाढ अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली असणार. तिच्यावर हिरडीचा एक पदर झाकणासारखा राहतो. त्याखाली भाकरीचा कण, तुरीच्या डाळीचं टरफल जाऊन बसतं, कुजतं आणि सूज धरते. वरची दाढ त्याच सुजलेल्या पदरावर चावते, मग ठणका आणखी वाढतो. गोळ्यांनी सूज उतरते, पण पदर आहे तिथंच असतो. म्हणून तुझं दुखणं गेलं गेलं म्हणता पुन्हा येतं. बाहेरून गरम शेक देऊ नको. दाढेवर चुना, तंबाखू, पेट्रोलचा बोळा असलं काही दाबू नको. पेट्रोलचा बोळा मी उगाच लिहिला नाही, माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडातून चिमट्यानं काढला आहे.

आणि ताप चढला, थुंकी गिळता येईना, हनुवटीखाली गळा टणक सुजला किंवा श्वास जड झाला, तर आजी, भरती, हे माझं उत्तर सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री मोठा दवाखाना गाठ. ही सूज गळ्यात उतरली की जिवावर बेतते.

आता अक्कलदाढ येते कशाला, ते बघू. बैलबाजारात आजोबांसोबत गेला असशील, तर बैल घेणारा आधी काय करतो ते तुला माहीत आहे. जबडा उघडतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, वय तिथं लिहिलेलं असतं. माणसाचं वय मागच्या दाढा सांगतात. पहिली कायमची दाढ साधारण 6 व्या वर्षी येते, दुसरी 12 व्या, तिसरी 18 च्या आगेमागे. ही तिसरी म्हणजे अक्कलदाढ. 17 ते 25 मध्ये कधीही येऊ शकते. या तिन्ही कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागेवर येत नाहीत. जबडा मागच्या बाजूनं लांबत जातो, जागा होते, तशी एकेक उगवते.

एकदम का येत नाहीत, यावर अमेरिकेतल्या ग्लोवाका आणि श्वार्ट्झ या दोघा संशोधकांनी 2021 मध्ये 21 प्रकारच्या माकड-वानरांच्या कवट्या तपासून एक सरळ उत्तर मांडलं. दाढेवर फार मोठा जोर येतो. ती जबड्याच्या सांध्याला फार खेटून उगवली तर तो जोर सांध्याला बाधेल. म्हणून पुढे पुरेशी सुरक्षित जागा तयार झाल्याशिवाय त्यानंतरची दाढ येत नाही. आपलं बालपण लांब, चेहरा आखूड आणि जबडा सावकाश वाढणारा. लाल तोंडाच्या माकडाच्या दाढा 6 वर्षांत पुऱ्या होतात, आपल्याला त्यासाठी 18 वर्षं लागतात.

बरं, इतकी उशिरा येऊन ती करते काय? माझ्या आजोळी जातं होतं. दळून दळून दोन्ही दगड गुळगुळीत झाले की टाकी लावणारी बाई यायची. पदर खोचून ओट्यावर बसायची आणि छिन्नी-हातोडीनं टकटक करत दगडाला पुन्हा खडबडीत करायची. डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून आम्हा पोरांना लांब हाकलायची. त्या दगडाची कच पिठात यायची, पिठातून भाकरीत, भाकरीतून दातांवर. जुन्या लोकांच्या दाढा त्यानं अक्षरशः झिजायच्या. दाढेला टाकी लावता येत नाही. 6 व्या वर्षी आलेली दाढ विशीपर्यंत बरीच सपाट झालेली असायची, आणि तेवढ्यात मागून धारेचा, कंगोरे शाबूत असलेला नवा दगड यायचा. अक्कलदाढेचं काम हेच होतं. जंगलातली कंदमुळं, कठीण बिया, अर्धंकच्चं भाजलेलं मांस, चिवट पाला, हे वर्षानुवर्षं चावणाऱ्या माणसाला अठराव्या वर्षी चार ताज्या दाढा मिळणं ही चैन नव्हती.

झीज फक्त वरून होत नाही, हे माझ्या पेशातले लोकही पटकन सांगत नाहीत. जोरानं चावताना शेजारचे दोन दात एकमेकांवर किंचित घासतात आणि बाजूनंही झिजतात. झिजले की अख्खी रांग थोडी पुढे सरकते. प्रत्येक दातामागे अगदी थोडं, पण सगळी रांग मिळून शेवटी मागे चांगली जागा सुटते. म्हणजे कठीण अन्न जुनी दाढ झिजवायचं आणि त्याच झिजेतून नव्या दाढेला जागाही करून द्यायचं.

जबड्याचीही बाजू आहे. दाढ किती मोठी व्हायची हे बरंचसं आईबापाकडून ठरून येतं. साधारण 9 व्या वर्षाच्या सुमारास तिचा माथा हाडाच्या आत घडायला लागतो, पुढे तू काय खातोस याचं तिला सोयरसुतक नसतं. जबडा मात्र हाड आहे, आणि वाढत्या वयात हाड कामावर वाढतं. तू रोज पहाटे गोळाफेक आणि धावणं करतोस, ते तुला मी शिकवायला नको. लहानपणी चावायला भरपूर मिळालं तर जबडा त्याच्या पुऱ्या मापाला जातो. मऊ मिळालं तर थोडा तोकडा राहतो. 2004 मध्ये लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांचे दोन गट केले. एकाला शिजवलेलं मऊ, दुसऱ्याला कच्चं-वाळलेलं. मऊवाल्यांच्या चेहऱ्याच्या चावण्याशी संबंधित भागाची वाढ सुमारे 10 टक्के कमी निघाली. आपल्या देशातलंही उदाहरण आहे. कोरुचिनी आणि सहकाऱ्यांनी चंदीगड भागात खेड्यातली आणि शहरातली तरुण मंडळी तपासली आणि 1983 मध्ये लिहिलं की दात वेडेवाकडे असण्याचं प्रमाण शहरात जास्त आहे. माणसं त्याच भागातली, पण ताटातलं वेगळं.

आता तुझ्या आजोबांकडे बघ. वय 78, म्हणजे पोरपण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचं. जात्यावरची ज्वारीची भाकर, तुरीच्या घुगऱ्या, भाजलेले हरभरे, हुरडा, टेंभरं, आणि ऊस दातानं सोलून. जबडा पुरेपूर वाढला, दाढा झिजल्या, जागा झाली, चारही अक्कलदाढा सरळ उभ्या राहिल्या. तुझं लहानपण गिरणीच्या बारीक पिठाचं, वरणभाताचं, चहात बुडवलेल्या टोस्टाचं. यात तुझ्या आईचा काडीचा दोष नाही, माझ्या पोरांनीही तेच खाल्लं. पण दाढ आली आजोबांच्या मापाची आणि जबडा राहिला तुझ्या मापाचा. जागा न मिळालेली खालची दाढ बहुधा पुढच्या दाढेवर डोकं टेकून तिरपी होते. तुझ्या एक्सरेत बहुधा तेच दिसलं.

म्हणून पुस्तकातला ‘अवशेषांग’, म्हणजे एके काळी कामाचं आणि आता काम उरलं नाही असं अंग, हा शब्द मला पटतो, पण त्यावरून मुलं ‘निरुपयोगी’ असा अर्थ धरून बसतात तो पटत नाही. डार्विननंही 1871 मध्ये अक्कलदाढा सुधारलेल्या समाजांत खुरट होत चालल्या आहेत असं लिहिलं आणि मऊ, शिजलेल्या अन्नाकडे बोट दाखवलं. काही लोकांना त्या मुळातच होत नाहीत, जगभरातली पाहणी बघितली तर साधारण पाचातल्या एकाला किमान एक तरी नसते. मग सगळ्यांच्याच का बंद होत नाहीत? निसर्ग एखादी गोष्ट तेव्हाच गाळतो, जेव्हा ती नसलेल्याची पोरंबाळं जास्त जगतात. अक्कलदाढ नाही म्हणून कुणाचं लग्न लवकर जमल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि कामाची म्हणशील, तर एक मावशी माझ्याकडे येतात, साठीच्या पुढच्या. सहाव्या वर्षीची खालची दाढ त्यांनी तरुणपणीच किडून घालवली, बाराव्या वर्षीची नंतर गेली. आज त्या बाजूनं त्या जे काही चावतात ते पुढे सरकून आलेल्या अक्कलदाढेवर. परवा कवळीच्या मापासाठी तोंड उघडलं तर ती एकटी दाढ पाटलाच्या वाड्यातल्या शेवटच्या खांबासारखी उभी होती. मी तिला हात लावला नाही. सरळ आलेली, घासता येणारी, न दुखणारी अक्कलदाढ काढू नये. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेनंही 2000 सालीच सांगून टाकलं की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नका.

तुझी गोष्ट वेगळी आहे. आडवी, आणि वर्षात तिसऱ्यांदा सुजलेली. तुझ्या डॉक्टरांशी मी सहमत आहे, काढ. सूज उतरल्यावर काढ. विशीच्या सुरुवातीला मुळं बरेचदा पुरती बनलेली नसतात, हाडही थोडं मऊ असतं, चाळिशीत हेच काम जास्त कष्टाचं होतं.

आजीचं ‘डोये जातेत’ मी पन्नास गावांत ऐकलं आहे, आणि त्यामागे वेडेपणा नाही. वरची दाढ सडून सुजली की सूज गालावरून डोळ्याखाली चढते, डोळा मिटून जातो. शिवाय ज्या वयात दात पडतात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, माणूस दोन्हींची गाठ मारतो. पण दातांची नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी, दोघींचा रस्ता एक नाही. तुझी तर खालची दाढ. आजीला विचार, आजोबांचा एखादा दात गेला असेल, तर तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला का. खरी काळजी दुसरीच आहे. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून एक नस जाते, ती ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. ती दुखावली तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकदा ते काही दिवसांत किंवा महिन्यांत परत येतं, क्वचित राहून जातं. मुळं नसेच्या किती जवळ आहेत ते मोठ्या एक्सरेत दिसतं, पूर्ण जबड्याचा निघतो तो. तुझा छोटाच निघाला असेल तर मोठा मागून घे, हा प्रश्न डॉक्टरांना बेधडक विचार, चांगला डॉक्टर रागावत नाही. तालुक्याला सोय नसेल तर यवतमाळच्या शासकीय मेडिकलमध्ये दंत विभाग आहे, आणि नागपूरला मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथं रांग लांब असते, पण असल्या दाढा तिथल्या लोकांच्या रोजच्या हाताखालच्या.

अक्कल येण्याचं म्हणशील तर ‘अक्कल’ हा शब्दच अरबीतून आला, तिकडेही तिला अकलेचीच दाढ म्हणतात, लॅटिनमध्येही तसंच. कोरियात तिला प्रेमाची दाढ म्हणतात. जपानी नाव मला सगळ्यात आवडतं, ‘आईबापाला न कळणारी’. तुझ्या आईबापाला तर तू पहिल्या दोन वेळा सांगितलंही नसशील.

काढल्यावर काय? कापसाची गादी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धर. त्या दिवशी खळखळून चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉनं ओढणं नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेचं झाकण. ती निसटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून जो ठणका लागतो तो मी स्वतः भोगला आहे. शिकत असताना माझी काढली आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षेसाठी एसटीनं निघाले. खिडकीजवळ बसून तोंडातलं रक्त थुंकत गेले. पेपर कसा गेला ते विचारू नको. भरतीची मैदानी तारीख लक्षात घेऊन निदान दोन आठवडे मोकळे ठेव.

आता कंस.

तोंड उघडत नाही याचं कारण दाढेची सूज असू शकते. सूज चावण्याच्या स्नायूला लागली की तो आखडतो. पण तू खर्रा खातोस. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात धरतोस. त्यातल्या सुपारीनं गालाचं आतलं मऊ कातडं हळूहळू दोरीसारखं ताठ होतं आणि तोंड बोटाबोटानं मिटत जातं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडून विशीतली पोरं माझ्याकडे येतात, ‘मॅडम, अक्कलदाढेमुळे तोंड उघडत नाही’ म्हणत, आणि अक्कलदाढेचं काहीच नसतं.

घरी करून बघ. स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि त्याशेजारचं, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाल. सूज नसताना ती सहज जायला हवीत. दोनच जात असतील, ठेचा खाताना आत आग होत असेल, आरशात गाल आतून पांढुरका दिसत असेल, बोटानं चाचपल्यावर उभ्या ताठ पट्ट्या लागत असतील, तर तो आजार सुरू झाला असण्याची शक्यता मोठी. पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो. गेलेली लवचिकता पुरती परत येत नाही, पण सुपारी सुटली की आजार पुढे वाढण्याचा धोका कमी होतो. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, 1800-11-2356. ‘दिवसाला दोन’ म्हणजे बंद नाही. दाढ काढल्यावर तर एकही नाही, नाहीतर माझ्या एसटीच्या प्रवासापेक्षा वाईट होईल. दाढ काढणाऱ्या डॉक्टरांनाही खर्ऱ्याचं खरं सांग. तोंड पुरेसं उघडत नसेल तर त्यांना मागपर्यंत हत्यार नेणंच अवघड जातं.

एक काम सांगते. आजोबांना उन्हात ओट्यावर बसव, तोंड उघडायला सांग आणि मोबाईलचा उजेड धर. सहाव्या वर्षीची दाढ, म्हणजे मागून तिसरी, असेल तर बघ. माझा अंदाज, ती पाटीसारखी सपाट झाली असेल आणि मधोमध पिवळट-तपकिरी वाटी पडली असेल. सगळ्यात मागची, अक्कलदाढ, तिच्यापेक्षा कमी झिजलेली असेल, कंगोरे अजून थोडे दिसत असतील. माझा अंदाज चुकला तर कळव, आणि तुझी किती बोटं गेली तेही.